स्वैपाकघराची भिंत आणि वालेन्सियाचं जुनं गाव

खमंग_काकडी

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज रविवार, बाहेर पाऊस, भाजी चिरायचा कंटाळा, म्हणून बसलेच.

दीड वर्षापूर्वी नोकरीपायी स्पेनला वालेन्सियात आले आणि हौस म्हणून भाड्यानं घर घेतलं ते जुन्या गावात, एल कार्मेन म्हणतात त्या भागात. पहिला मजला, गल्ली एवढी अरुंद की समोरच्या काकूंच्या टीव्हीवरच्या मालिकेत कोण मेलं ते मला माझ्या सोफ्यावर कळतं. तर स्वैपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी फळी ठोकायची होती. ऑफिसातल्या एकाकडून ड्रिल आणलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तेवढ्यात मालकीणबाई (पंच्याहत्तरीच्या आहेत, एकदम खमक्या) दारातूनच ओरडल्या, ती नको, ती भिंत मोरोंची आहे!

मला वाटलं मोरो म्हणजे शेजारचं कुठलंतरी कुटुंब, सामायिक भिंत असेल, उगाच भांडण नको. मग त्यांनी खुर्ची ओढून समजावलं की मोरो म्हणजे इथली जुनी मुसलमान राजवट, भिंत जवळपास हजार वर्षांची आहे, गावाच्या तटाचा तुकडा आहे, आणि तिला भोक पाडायचं तर जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याची परवानगी काढावी लागते. मसाल्याच्या फळीसाठी!

त्यानंतर मी ती भिंत पहिल्यांदा नीट बघितली. ती सरळ नाहीच्चे, पोट काढून आत आलेली आहे, मधे हातभर तरी. इतके दिवस मी समजत होते की गवंड्यानं घाण काम केलंय. तो बुरूज आहे हो! अर्धगोल बुरूज. माझा फ्रिज बुरुजाला टेकून उभा आहे, म्हणूनच तो तिरका दिसायचा.

तेव्हापासून नाद लागलाय. शनिवारी सकाळी नकाशा घेऊन निघते आणि जिथं रस्ता काही कारण नसताना वळतो तिथं थांबते. कारण या गावात रस्ता उगाच वळत नाही, एकतर तिथं तट होता नाहीतर पाणी होतं.

थोडक्यात सांगायचं तर गाव रोमन लोकांनी वसवलं, इसवी सनापूर्वी १३८ साली, लढाया संपलेल्या सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या म्हणून. जागा निवडली ती तुरिया नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट. संरक्षणाला चांगली, पुराला वाईट, आणि हे भांडण पुढं दोन हजार वर्षं चाललं. पुढं अकराव्या शतकात अब्द अल-अझीझ नावाच्या राजानं बलन्सियाला (तेव्हाचं नाव) दगडमातीचा भक्कम तट घातला, अर्धगोल बुरुजांचा, तोच माझ्या ओट्यामागे. १२३८ मधे आरागॉनचा राजा जाउमे आला आणि गाव ख्रिश्चन झालं. १३५६ ला बाहेरून दुसरा, बराच मोठा तट सुरू झाला, त्यात सगळं सामावलं. आणि १८६५ मधे तो तट पाडून टाकला. आता मॅप उघडा, गियेम दे कास्त्रो, शातिवा, कोलोन हे रस्ते एकाला एक जोडून बघा. कंकण दिसतंय? तोच तो पाडलेला तट. त्याच्या आत एक लहान, बुजलेलं कंकण आहे, ते मॅपवर पटकन दिसत नाही, ते लोकांच्या स्वैपाकघरात आहे.

कोणी इकडे आलं असेल, अभ्यास असेल तर भर घाला. मी इतिहासवाली नाही, भिंतवाली आहे.

तिरफळ

पहिला! मोरोंची भिंत वाचून ऑफिसात फिसकन हसलो, बॉस बघतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

एक प्रश्न, रोमन मग गॉथ (रोमनांनंतर आलेल्या जर्मन टोळ्या) मग मुसलमान मग ख्रिश्चन हे थर थर म्हणतात ते एका जागी उभं राहून खरंच दिसतात का की सगळं म्युझियमात काचेच्या पेटीत?

खमंग_काकडी

@तिरफळ, दिसतात ना. कॅथेड्रलच्या पाठीमागं एक चौक आहे, त्याच्या जमिनीत मोठी काच बसवलीये आणि काचेवर बोटभर पाणी खेळवलंय. लहान पोरं त्यात हात घालून बसतात. पाण्यातून खाली बघितलं की रोमन रस्ता, स्नानगृहाच्या भिंती, विहीर असं सगळं. ही ला आल्मोइना, खाली उतरून फिरता येतं, २००७ ला उघडलं. रोमन गावाचे दोन मुख्य रस्ते जिथं एकमेकांना छेदायचे ती ही जागा. त्यावर गॉथांच्या काळातली चर्चची आणि कबरींची कामं, त्यावर मुसलमान सरदारांचा वाडा, आणि बाहेर येऊन मान वर केली की कॅथेड्रल.

तिथं एक गोष्ट बघून मात्र पोटात कालवलं. इसपू ७५ मधे रोमनांच्याच आपापसातल्या युद्धात पॉम्पे या सेनापतीच्या फौजेनं हे गाव जाळलं. हरलेल्या सैनिकांचे हालहाल करून मारलेले सांगाडे खणताना सापडले, हातपाय तोडलेले, शेजारी हत्यारं. गाव वसून जेमतेम साठ वर्षं झाली होती. पुढं बराच काळ तिथं कोणी राहायलाच आलं नाही.

अनुस्वार

लेख छान पण एक राहिलं. १२३८ च्या आधीही वालेन्सिया ख्रिश्चनांकडे होतं की. एल सिद नावाचा तो सरदार! १०९४.

खमंग_काकडी

@अनुस्वार, बरोबर, मुद्दाम वगळला कारण त्याच्यावर लिहायला बसलं की धागा त्याचाच होतो. पण घ्या. वेढा घालून उपासमार करून त्यानं गाव घेतलं, १०९९ मधे इथंच मेला, बायको खिमेनानं आणखी तीन वर्षं कसंबसं धरलं आणि ११०२ मधे सोडून जाताना आग लावून गेले. आणि तो काही धर्मासाठी लढणारा वगैरे नव्हता हं, आधी सारागोसाच्या मुसलमान राजाच्या नोकरीत होता. तलवार भाड्यानं, जो दाम देईल त्याची. गावाच्या आकारात त्याच्या आठ वर्षांनी काहीच फरक पडला नाही, तट तोच राहिला.

गिरगावचा_जिना

तट तोच राहिला पण माणसं? १२३८ ला जी आधीची वस्ती होती तिचं काय झालं, तो सगळ्यात मोठा बदल असणार.

खमंग_काकडी

@गिरगावचा_जिना, अगदी. आणि हा भाग इथले लोक ९ ऑक्टोबरला मिरवणूक काढतात तेव्हा फारसा बोलत नाहीत. ९ ऑक्टोबर म्हणजे जाउमे गावात शिरला तो दिवस, सार्वजनिक सुट्टी असते. बहुतेक मुसलमानांना घरं सोडावी लागली. कारकून बसले आणि अमक्याचं घर तमक्याला अशी यादी केली, ती अजून आहे, तिला रेपार्तिमेंत म्हणजे वाटप म्हणतात. जे राहिले त्यांना पश्चिमेच्या तटाबाहेर वेगळी वस्ती दिली, मोरेरिया. माझ्या घरापासून चार मिनिटांवर वाल्दिग्नाची कमान आहे, १४०० सालची, ती जुन्या तटातून मोरेरियात जायची वाट. कमानीवर लोकांची घरं आहेत आत्ताही, खिडकीत कपडे वाळत असतात. रात्री कचरा टाकायला त्या कमानीखालून जाते मी.

नव्या मालकांना गाव मिळालं पण आवडलं नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटीसुद्धा इथले पंच तक्रार करत होते की मोरोंनी गाव फार कोंदट बांधलंय, रस्ते अरुंद आणि वाकडे. मग भिंती मागं सार, बोळ फोडून आरपार कर असं चालू झालं. पुढं वाट नसलेल्या बोळाला वालेन्सियन भाषेत आत्सुकाक म्हणतात, शब्द अरबी. बोळ फोडले, शब्द राहिला.

१३९१ मधे ज्यूंच्या मोहल्ल्यावर हल्ला झाला, कत्तल झाली, उरलेल्यांना बाप्तिस्मा. तो मोहल्ला आज शोधून सापडत नाही. त्याची काही काच बसवलेली नाही.

बिनपाण्याचा_धुळेकर

ताई, एक विचारू का, कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं कोर्ट बसतं म्हणतात ते हेच गाव का? आमच्या इरिगेशनच्या एका ट्रेनिंगमधे सरांनी फोटो दाखवलेला, काळे डगले घालून शेतकरी गोलात बसलेत.

खमंग_काकडी

@धुळेकर दादा, हेच गाव! दर गुरुवारी दुपारी बाराला, आपोस्तोलेस दारापाशी. आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, सगळे शेतकरी. लोखंडी कठडा आणून मांडतात, आत चामड्याच्या खुर्च्या, मग एकजण एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारा करतो, कुणाची तक्रार आहे का. बहुतेक गुरुवारी नसतेच, पाच मिनिटांत उठतात, पर्यटक हिरमुसले होतात. असली तर सगळं तोंडी, वकील नाही, आणि निकाल तिथल्या तिथं. अपील नाही. युनेस्कोच्या यादीत २००९ ला गेलं.

दारातच का, आत का नाही, तर इथं सांगतात ते असं की कॅथेड्रल पूर्वीच्या मशिदीच्या जागी आहे, आणि गाव बदललं तरी पाणी वाटणारे मुसलमान शेतकरीच होते, त्यांना चर्चच्या आत बोलावता येईना म्हणून उंबऱ्यावर बसायला लागले. कालव्यांचं मूळ त्याच काळातलं, पाळ्यांची पद्धतही. म्हणजे घरं काढून घेतली पण पाट काढून घेता आले नाहीत, कारण ते चालवायचे कसे ते यांना ठाऊक नव्हतं.

बिनपाण्याचा_धुळेकर

हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, अजून थोडी तग धरून आहे. नदीत बंधारा, त्याच्यातून पाट, आणि फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. आजोबा सांगायचे की पाटकऱ्यानं पाणी सोडलं की शेताच्या मालकाला शेतात यायची पण गरज नाही, उलट आलास तर भांडशील, घरीच थांब. तिकडचा कोणी पाटकरी भेटला तर आमचा रामराम सांगा.

गावात पण शिरायचा का तो पाट?

खमंग_काकडी

शिरायचा! आठातला रोवेया नावाचा कालवा थेट गावातून जायचा. गटारं धुवायला, चामडं कमवणाऱ्यांना, रंगाऱ्यांना. आत्ताचं मोठं मार्केट आहे ना, त्या बाजूनं नदीचा जुना फाटा जायचा, म्हणून ती जागा सखल आणि मोकळी राहिली आणि म्हणून तिथं बाजार भरायला लागला. मी म्हटलं ना, तट नाहीतर पाणी.

वास्तुपुरुष_नव्हे

मी तिकडे दोन वर्षं शिकायला होतो (वास्तुकलाच, हँडलवर जाऊ नका). काकडीताईंचं तटाचं पारायण आवडलं, पण एक टाचणी टोचतो. वालेन्सियाचं जुनं गाव म्हणून जे फोटोत येतं ते मध्ययुगीन असल्याचा भास आहे. आखणी मध्ययुगीन, चेहरा एकोणिसाव्या शतकातला. लोखंडी गॅलऱ्या, उंच उंच दारं, गुळगुळीत गिलावा हे सगळं तेव्हाचं. त्याच्या आत दोन जुनी घरं एकत्र केलेली असतात, मागं चौक, चौकात एखादी गॉथिक कमान, असा प्रकार.

खरा घाव बसला तो १८३६ नंतर, सरकारनं मठांच्या मिळकती जप्त करून विकल्या तेव्हा. त्याआधी तटाच्या आत मठच मठ होते, त्यांच्या बागा, त्यांच्या भिंती. मग सुटल्या जागा. सान फ्रान्सिस्को मठ होता तिथं आज पालिकेचा मोठा चौक आहे. माग्दालेनांचा मठ पाडून १८३९ मधे उघड्यावरचं मार्केट केलं, त्याच जागी आणि आजूबाजूची घरं पाडून पुढं मेर्कादो सेंत्राल उभं राहिलं, १९१४ ते १९२८ चौदा वर्षं लागली. सांता तेक्ला मठ गेला आणि तिथून सरळसोट काये दे ला पास काढला, त्या रस्त्यावर उभं राहिलं की पॅरिसची हौस दिसते आणि टोकाला सांता कातालिनाचा मनोरा बरोबर मधोमध येतो. प्लासा रेदोंदा तर बघाच, घरांच्या गर्दीत कंपासनं काढल्यासारखा गोल चौक, १८४० चा, मटण मासळी विकायला केलेला. आता तिथं लेस, बटणं आणि फ्रिजला लावायची चुंबकं मिळतात.

आणि तट पडला त्याचं कारण पण सौंदर्य बिंदर्य नाही. रेशमाचा धंदा बसला होता. गावाच्या नैऋत्येला वेलुतेर्स हा विणकरांचा भाग, तिथं मागावर पोट असलेली शेकडो घरं. रेशीमकिड्यांवर रोग पडला, माग थांबले, बेकार माणसं रस्त्यावर. गव्हर्नर सिरिलो आमोरोसनं फेब्रुवारी १८६५ मधे तट पाडायचं काम काढलं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रोजगार हमी. त्याच्या नावाचा रस्ता कुठाय सांगा? तटाबाहेर, जिथं नवीन चौकटी आखून श्रीमंतांची वस्ती झाली तिथं.

शेवटची_लोकल

रोजगार हमी म्हणून पाचशे वर्षांचा तट पाडला!! काय बोलायचं. आज असता तर आविलासारखं पूर्ण तटबंदीचं गाव असतं, लोक रांगा लावून आले असते. आपल्या मुंबईच्या फोर्टाचं पण तेच केलं ना, बार्टल फ्रियरच्या काळात, ते पण १८६० च्याच दशकात. सगळ्या जगाला एकदमच वेड लागलेलं का?

वास्तुपुरुष_नव्हे

@लोकल, वेड नाही, कोंडमारा. चार किलोमीटरच्या तटाच्या आत सगळं गाव, बाहेर बांधायला बंदी, म्हणून मजल्यावर मजले चढवलेले. १८३४ आणि १८५४ ला कॉलरा येऊन गेलेला. त्या काळी तोफांपुढे असल्या तटाचा उपयोगही राहिला नव्हता. तिथं राहून बघा आणि मग तट हवा म्हणा. पर्यटकाला आविला बरं वाटतं हो, तो रात्री हॉटेलात झोपतो.

शेवटची_लोकल

मान्य पण दरवाजे तरी ठेवायचे. बारा दरवाजे होते म्हणे, दोन उरले.

वास्तुपुरुष_नव्हे

आणि ते दोन का उरले ते ऐका, तुम्हाला आवडेल. तुरुंग होते म्हणून! सेरानोस दरवाजा, १३९२ ते १३९८, पेरे बालागेरचं काम, त्यात १५८६ पासून तुरुंग. क्वार्तच्या जोडबुरुजांत बायकांचा तुरुंग. कैदी ठेवायचे कुठे म्हणून पाडायचं राहिलं. क्वार्तवर १८०८ मधल्या फ्रेंच तोफांच्या गोळ्यांचे खड्डे आहेत, बुजवले नाहीत, देवीचे व्रण असावेत तसे.

सेरानोसची आणखी एक गंमत. बाहेरून भव्य, नक्षीदार, आणि गावाच्या बाजूनं पूर्ण उघडा, पाठच नाही. नाटकाच्या सेटसारखा. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) माद्रिदवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा प्रादो संग्रहालयातली चित्रं इथं आणून ठेवली. आत काँक्रीटचं छत टाकलं आणि बॉम्बचा दणका शोषला जावा म्हणून वर भाताचा कोंडा पसरला, त्यावर माती. भाताचा प्रदेश, कोंडा काय हवा तेवढा.

तिरफळ

वेलास्केझची चित्रं कोंड्याखाली!! हे एक वाक्य धाग्याचे पैसे वसूल.

सांजवात

काकडी, मी गेल्या डिसेंबरात येऊन गेले, तेव्हा हा धागा असता तर बरं झालं असतं गं. लोंखा बघितलं तेवढं मात्र डोक्यातून जात नाही. ते रेशमाच्या व्यापाऱ्यांचं सभागृह, पिळाचे खांब, दोर वळून उभा करावा तसे, वर जाऊन नारळाच्या झावळ्यांसारखे उलगडतात. आमच्या ह्यांना मान दुखायला लागली. भिंतीवर वरच्या बाजूला लॅटिनमधे लिहिलंय त्याचा अर्थ गाईडनं सांगितला की जो व्यापारी बोलण्यात लबाडी करत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतो आणि व्याजानं पैसे लावत नाही तो श्रीमंत होईल आणि वर स्वर्गातही जाईल. ह्यांनी लगेच विचारलं, मग इथं बँक कुठली होती. होतीच की शेजारी!

बाहेरच्या पन्हाळींच्या मूर्ती (गार्गॉयल) लहान मुलांना दाखवू नका. प्रश्न विचारतात.

खमंग_काकडी

@सांजवात, हाहा, त्या पन्हाळी! लोंखाचं काम पेरे कोंप्तेनं १४८२ मधे सुरू केलं, सभागृह १४९८ ला झालं, बाकीचं १५३३ पर्यंत रेंगाळलं. पैशाचा आणि रेशमाचा जोर तोच काळ, पंधरावं शतक. गाव १३५६ च्या तटानं जवळपास तिप्पट झालेलं, आत मोकळी जागा, शेतंसुद्धा होती. मोरेरिया आत आली, माझं कार्मेन आत आलं, कुंटणखाना पण आत आला (त्याला वेगळी भिंत होती म्हणे, भिंतीत भिंत). आणि हा नवा तट आल्यावर जुना तट निरुपयोगी झाला. मग लोकांनी काय केलं, पाडायचा खर्च कशाला, एक भिंत आयती तयार आहे, तिला टेकून घर बांधा. दोन्ही बाजूंनी बांधली. तट दोन घरांच्या मधे गायब. गावानं तो गिळला, आणि त्यामुळेच तो १८६५ मधे वाचला! मोठा होता तो पडला, गिळलेला राहिला. माझी मालकीणबाई याला नशीब म्हणते.

अनुस्वार

गावाचे दरवाजे रात्री बंद व्हायचे त्यावरून एक वाक्प्रचार आहे ना स्पॅनिशमधे? वालेन्सियाच्या चंद्राखाली राहणे की कायसं?

खमंग_काकडी

आहे. वालेन्सियाच्या चांदण्यात राहिला, म्हणजे हात हलवत बसला, बेत फसला. लोक सांगतात ते असं की मिकालेतची घंटा झाली की दरवाजे लागायचे, उशिरा आलेल्याला नदीच्या काठावर दगडी बाकावर रात्र काढायची पाळी. मिकालेत म्हणजे कॅथेड्रलचा अष्टकोनी मनोरा, २०७ पायऱ्या, गोल गोल, वर गेल्यावर फोटो काढायच्या आधी माणूस बसतो. ऑफिसात माझं प्रमोशन हुकलं तेव्हा एक सहकारी हाच वाक्प्रचार बोलला आणि मी त्याला घंटा, दरवाजा, मिकालेत सगळं सांगत बसले. तो बिचारा सांत्वन करायला आला होता.

गिरगावचा_जिना

पुराचं कोणी बोललंच नाही. मुळात बेटावरचं गाव ना.

खमंग_काकडी

हो, ते ठेवून दिलं होतं शेवटी. १३५८ मधे पुरानंतर इथल्या लोकांनी तट आणि खंदक यांच्यासाठी वेगळी संस्था काढली, मुर्स इ वाल्स, त्यांच्याकडे तट, पूल, नदीचे काठ सगळं. म्हणजे तट जितका शत्रूसाठी तितकाच पाण्यासाठी. १५१७ चा पूर पूल घेऊन गेला, मग हळूहळू दगडी कठडे बांधले, ते आजही आहेत, त्यावर लोक संध्याकाळी बसतात.

आणि १४ ऑक्टोबर १९५७. कार्मेनमधे भिंतींवर फरश्या बसवल्यात, इथपर्यंत पाणी आलं होतं अशा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे, माझ्या डोक्याच्याही वर. मालकीणबाई तेव्हा सात वर्षांच्या, याच घरात. पाणी दोनदा आलं, पहाटे एकदा, ओसरतंय म्हणून माणसं खाली उतरली आणि दुपारी पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठं. त्यांच्या वडिलांचं तळमजल्यावर खुर्च्या विणायचं दुकान होतं. त्या म्हणतात पाणी नाही आठवत, चिखल आठवतो. कित्येक आठवडे शिपाई फावड्यानं चिखल काढत होते, आणि खुर्च्यांचा वेत कुजल्याचा वास. ऐंशीच्या वर माणसं गेली.

मग सरकारनं थेट नदीच हलवली. गावाच्या दक्षिणेनं नवीन पात्र खणलं, बारा किलोमीटर. जुनं पात्र कोरडं पडलं तर त्यातून हमरस्ता न्यायचं घाटत होतं. लोक उठले, नदीचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं अशी घोषणा. १९७६ मधे राजानं पात्र गावाला दिलं आणि पुढं बाग झाली. मी रोज तिथं पळायला जाते, पुलांच्या खालून. १४०२ चा त्रिनिदाद पूल, खाली पाणी नाही, फुटबॉल.

सांजवात

आणि ऑक्टोबर २०२४ चा पूर?

खमंग_काकडी

जुन्या गावात पाणी आलं नाही. नव्या पात्रानं गाव वाचवलं. त्याच्या पलीकडची दक्षिणेची गावं बुडाली, पाइपोर्ता, कातारोखा, दोनशेहून जास्त माणसं गेली. नदी हलवली तेव्हा तिकडं बरीचशी शेतं होती, नंतर तिथं घरं वाढली. हजारो लोक झाडू, फावडी घेऊन नव्या पात्रावरच्या पादचारी पुलावरून चालत मदतीला गेले. मालकीणबाई जाऊ शकल्या नाहीत, त्यांनी वडिलांचं फावडं दिलं. ते परत आलं नाही, आणि त्या मागतही नाहीत.

वास्तुपुरुष_नव्हे

यावर काय लिहिणार. फक्त एक जोडतो, विषयाला धरून. विसाव्या शतकात जुन्या गावाच्या मधून सरळ मोठा रस्ता काढायचा बेत होता, आवेनिदा देल ओएस्ते, दक्षिणेकडून थेट नदीपर्यंत. चाळिशीच्या दशकात घरं पाडत पाडत मार्केटपर्यंत आला आणि तिथं थांबला. काकडीताईंचं घर पुढच्या टप्प्यात गेलं असतं. मार्केटच्या कोपऱ्यावर उभं राहून बघा, आठ दहा मजली इमारतींचा रुंद रस्ता एकदम बोळात घुसतो, वाक्य अर्धवट सोडल्यासारखं.

खमंग_काकडी

रोज बघते! मला वाटायचं ट्रॅफिकवाल्यांनी बंद केलाय.

शेवटची_लोकल

आता तिथं राहणारे लोक तरी आहेत का की सगळं चाकाच्या बॅगावाल्यांना दिलंय?

खमंग_काकडी

आमच्या जिन्यात सहा घरं, तीन पर्यटकांना. रात्री दोन वाजता बॅगांची चाकं दगडी फरशीवर, खडखडखड. किराणावाला गेला, तिथं सायकली भाड्यानं मिळतात. मालकीणबाईंना दर महिन्याला घर विकता का अशी चिठ्ठी येते, त्या ती चिठ्ठी टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घालतात.

बिनपाण्याचा_धुळेकर

ताई, सगळं झालं पण मसाल्याच्या डब्यांचं काय केलं शेवटी?

खमंग_काकडी

दादा, मांडणी आणली, चार पायांची, भिंतीला न लागणारी. पण बुरुजाच्या पोटामुळे ती मधेच टेकते आणि दोन्ही बाजूंना मागं फट राहते. डावीकडच्या फटीत लसणाची टोपली बरोब्बर बसते. उजवीकडे लाटणं.